बोंबील, मिरी-पाणी आणि रोस्ट बीफ

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात चाकरीला आलेल्या इंग्रजांनी एकमेकांना इलाख्यानुसार टोपणनावं दिली होती. बंगालचा साहेब 'क्वाय-हाय', मुंबईचा 'डक' आणि मद्रासचा 'मल'. पहिलं नाव नोकराला मारायच्या 'कोई है' या हाकेवरून पडलं. दुसरं 'बॉम्बे डक'वरून, म्हणजे आपल्या सुक्या बोंबलावरून. तिसरं मलिगटॉनी नावाच्या सुपावरून, ज्याचं मूळ तमिळ नाव 'मिळगु-तण्णीर', मिरी-पाणी. 'मल' हा शब्द देवनागरीत लिहिताना माझा हात अडखळतो, कारण सांगायला नको. तेव्हा यापुढे मी 'मल्स' असं अनेकवचनच वापरीन.

ही तिन्ही नावं 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात आहेत. हेन्री यूल आणि आर्थर कोक बर्नेल यांचा हा कोश १८८६ साली छापला गेला, विल्यम क्रूकनं वाढवलेली आवृत्ती १९०३ साली आली, आणि इंग्रजीत लिहिणारे भारतीय लेखक अजूनही त्याच्यावर जीव टाकतात. मीही टाकते. भाषांतराचं काम करणाऱ्या माणसानं रात्री उशाशी ठेवावं असं ते पुस्तक आहे. पण या तीन नोंदी एकापाठोपाठ वाचल्या की काहीतरी खटकतं. खाण्यावरून माणसाची जात, प्रांत, देश ओळखायचा आणि मग हसायचं ही रीत आपल्याला नवी नाही. मात्र तिथे सहसा हसणारा एक असतो आणि खाणारा दुसरा. इथे इंग्रज इंग्रजालाच हसतो आहे, आणि त्यासाठी त्यानं वापरलंय आमचं ताट. ज्या राष्ट्रानं आपली मर्दुमकी भाजलेल्या गोमांसात पाहिली, त्याच्या अधिकाऱ्यांची ओळख इथे आल्यावर कोळ्यांच्या वाळवणावर आणि तमिळ घरातल्या रसमवर येऊन ठेपली.

मी पापनाशमला राहते. तिरुनेलवेलीकडचं डोंगरपायथ्याचं पापनाशम वेगळं. कमल हासनचा २०१५चा चित्रपट त्या गावाचा. आमचं पापनाशम तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधलं, कावेरीच्या फाट्यांतलं, भाताचं आणि विड्याच्या पानांचं. बर्नेल तंजावरला न्यायाधीश होता, इथून रेल्वेनं तासाभराच्याही आत. भोसल्यांचं राज्य १८५५ साली खालसा झालं होतं, पण दुसऱ्या सरफोजीनं जिवापाड जमवलेला ग्रंथसंग्रह राजवाड्यात शाबूत होता. त्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची बर्नेलनं केली. यूलबरोबरचा कोशाचा व्यवहार बराचसा पत्रांतून चालला. १८८२ साली, बेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. कोश छापलेला त्यानं पाहिला नाही. (त्याच्याहून थोडी मोठी झाल्यापासून मला त्याच्याविषयी जरा अधिकच माया वाटू लागली आहे.)

एकाच माणसाची ही दोन कामं शेजारी ठेवून पाहावीत. सूचीत प्रत्येक पोथीला आपापल्या शास्त्राखाली जागा आहे. तिथे विनोद नाही, टोपणनाव नाही. कोशात याच्या उलट कारभार. तिथे प्रवेश मिळवायचा तर शब्दाला आधी साहेबाच्या तोंडात मोडावं लागतं. मलिगटॉनीला मानाची नोंद आहे, मिळगु-तण्णीर तिच्या व्युत्पत्तीपुरतं येऊन जातं. सुपाची मात्र कोशकार मनापासून तारीफ करतात, आणि जाता जाता अशी कोपरखळी मारतात की मद्रासच्या गोऱ्यांना हे नाव सुपावरून पडलं आहे, तिथल्या उन्हात रापलेल्या रंगावरूनच केवळ नव्हे. लोभस वाटावा असा विनोद आहे. पण त्यात भीतीही आहे. मद्रासला राहून, तिथलं पिऊन, आपला माणूस त्या रंगाचा तर होत नाही ना? टोपणनावातली थट्टा या शंकेवर उभी आहे.

ही शंका कळायला थोडं मागे, इंग्लिश खाडीच्या पलीकडे जावं लागतं. विल्यम हॉगार्थचं १७४८चं एक चित्र आहे, कॅलेच्या वेशीचं. त्याचं नाव त्यानं एका लोकप्रिय गाण्यावरून घेतलं, आणि ते गाणं हेन्री फील्डिंगच्या १७३१च्या नाटकासाठी लिहिलेलं. विषय अर्थातच जुन्या इंग्लंडचं रोस्ट बीफ. चित्राच्या मधोमध गोमांसाचा एक भला थोरला तुकडा, गावातल्या इंग्रजी खाणावळीकडे निघालेला. एक गुबगुबीत पाद्री त्याला बोट लावून पाहतो आहे. भोवती हडकुळे फ्रेंच शिपाई, आणि त्यांच्या वाट्याला पातळ, पाणचट सूप. हॉगार्थला कॅलेत स्केच काढताना हेर म्हणून पकडलं होतं, त्याचा रागही चित्रात उतरला आहे. सांगायचं ते एवढंच: आम्ही मांस खातो म्हणून स्वतंत्र, तुम्ही पाणी पिता म्हणून गुलाम.

आता या चित्रापुढे मद्रासचा साहेब उभा करा. फ्रेंचांच्या पातळ सुपाला हसणाऱ्यांचा हा नातू. त्याच्या पुढ्यात सूप आहे, आणि त्या सुपाच्या नावातच पाणी आहे. कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या भाऊबंदांनी त्याला बरोबर याच जागी पकडलं. मद्रासला ते 'अंधारात राहिलेला' इलाखा म्हणत, मागासलेला या अर्थानं. त्याच अंधारातला हा मिरी-पाण्याचा वाडगा. पुढे सूप इंग्लंडला पोचलं. एलिझा ॲक्टनच्या १८४५च्या आणि मिसेस बीटनच्या १८६१च्या पाकपुस्तकात ते आहे. तिथे पोचेपर्यंत त्यात मांस आलं, दाटपणा आला, पाणी केवळ नावात उरलं. तमिळ न येणाऱ्याला तेही दिसत नाही. हॉगार्थचा आत्मा शांत झाला असावा.

हॅना ग्लासचं पाकपुस्तक १७४७चं, म्हणजे हॉगार्थच्या चित्राच्या आदल्या वर्षीचं. त्यात हिंदुस्थानी पद्धतीच्या 'करी'ची कृती आहे, पुलावही आहे. आणि त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत बाई फ्रेंच स्वयंपाक्यांची आणि त्यांच्या उधळपट्टीची यथेच्छ टर उडवतात. करीविषयी मात्र एक वाकडा शब्द नाही. करी परकी नव्हती का? होती, पण ती शेजाऱ्याची नव्हती. राष्ट्राचा स्वभाव ताटात शोधायची खाज शेजारी असला की सुटते. आपल्याकडचा पुणेकर-नागपूरकर हा सारा प्रकार पाहा; मराठीतल्या विनोदी लेखनाचं अर्धं दुकान या शेजारपणावर चालतं.

माझ्या धंद्याच्या दृष्टीनं एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. फ्रेंच माणूस इंग्रजाला 'रोसबिफ' म्हणतो. 'रोस्ट बीफ'चं फ्रेंच भाषांतर त्याला जमलं नसतं असं नाही. भाजलेलं गोमांस त्याच्याही घरी शिजतं. पण त्यानं भाषांतर केलं नाही. इंग्रजी शब्द तसाच उचलला, फ्रेंच तोंडानं वाकवला आणि माणसावर चिकटवला. इंग्रजानं जर्मनाला 'क्राउट' म्हटलं तेही असंच, आंबवलेल्या कोबीचा जर्मन शब्द कापून. 'मल्स' तमिळ शब्दाचा असाच तुकडा. 'डक'ची गंमत वेगळी: बोंबलाचं बदक कसं झालं याच्या आख्यायिका पुष्कळ आहेत, पण बोंबील हा शब्द पार करताना कुठेतरी हात सुटला हे नक्की. एखाद्या समाजाला त्याच्या खाण्यावरून नाव पडतं ते पुष्कळदा अशा भाषांतर न केलेल्या किंवा बिनसलेल्या शब्दावरून. पदार्थ समजला की त्याला आपला शब्द मिळतो. समजून घ्यायचाच नसतो तेव्हा त्याचा मूळ शब्द जसाच्या तसा ठेवून त्याच्याकडे बोट दाखवता येतं. इंग्रज फ्रेंचांना बेडूक म्हणतो ते चक्क इंग्रजीतून, हा या नियमाला अपवाद. पण तिथे पदार्थाला नव्हे, प्राण्यालाच नाव दिलेलं आहे, आणि किळस यावी म्हणूनच ते आपल्या भाषेत दिलेलं आहे.

हे म्हणणं मला परवडणारं नाही, हे मला कळतं. गेली वीस वर्षं भाषांतराच्या चर्चांत आम्ही मूळ शब्द राखण्याच्या बाजूनं बोलत आलो. परकेपण पुसू नये, वाचकाला लेखकाकडे न्यावं, वगैरे. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात हे ऐकलं तेव्हा ते मुक्तीसारखं वाटलं होतं आणि बऱ्याच अंशी अजूनही वाटतं. पण पदार्थाच्या बाबतीत राखलेला शब्द सन्मानाचा आहे की बोट दाखवणारा, हे दर वेळी नव्यानं तपासावं लागतं.

तपासायला मराठीत एक मोठं प्रकरण आहे: पंडिता रमाबाईंचं.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन या जोगिणींच्या मठात राहिल्या, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे चेल्टनमला शिकल्या-शिकवलं, आणि १८८६ साली अमेरिकेला निघून गेल्या. या काळातला त्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत आहे. तो १९७७ साली पुस्तकरूपानं आला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक आई. त्रिदेवाच्या सिद्धांतापासून मुलीच्या शिक्षणापर्यंत या दोघींत वाद झाले. पण या वादांत ताट वारंवार येतं. रमाबाई ख्रिस्ती झाल्या तरी शाकाहार सोडेनात. मठाला त्यात जातीचा ताठा दिसला. खरी ख्रिस्ती बाई आमच्या टेबलावर आमचं खाईल, ही अपेक्षा कुठे उघड बोललेली, कुठे गृहीत धरलेली.

रमाबाईंचं उत्तर वाचण्याजोगं आहे. त्या म्हणतात त्याचा आशय असा: तुम्ही ज्याला माझा जातीचा पूर्वग्रह म्हणता त्यापासून मी पुरती सुटलेली नाही, हे मान्य. पण एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि कोणाला उपद्रव न देणारे आपले रिवाज तिनं बदलले नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेलं तिला चालेल का? आणि दुसरीकडे, धर्मानं ख्रिस्ती असूनही त्या स्वतःला हिंदू म्हणवून घेण्याचा हक्क सोडत नाहीत, पूर्वजांच्या चालींसकट.

भाषांतर इथे घसरतं. पत्रातला 'पूर्वग्रह' हा शब्द सिस्टरांचा आहे. रमाबाई तो चिमट्यात धरून परत करतात. हे वाक्य मराठीत आणताना हाताशी एक फार सोयीचा शब्द येतो: सोवळं. सहज बसतो, मराठी वाचकाला लगेच कळतो. आणि तो लिहिताच रमाबाई हरतात. 'सोवळं' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यापुढे पाट, पाणी, शिवाशिव, एक ठसठशीत चित्र उभं राहतं, आणि त्या चित्रात सिस्टर जेराल्डिन बरोबर ठरतात. रमाबाई ज्याविषयी बोलताहेत ते सोवळं नाही. परक्या घरात आपलं ताट आपण ठरवण्याचा हक्क आहे. उलट 'पूर्वग्रह' लिहिलं तर वाक्य कोरडं होतं, पण सिस्टरांचा शब्द सिस्टरांचाच राहतो. मी पूर्वग्रहच लिहीन. भाषांतरात सहज बसणारा शब्द संशयानं पाहावा, विशेषतः तो जातीचा किंवा ताटाचा असेल तेव्हा.

आणि इथे एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. रमाबाईंचे आईवडील मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात, १८७४च्या सुमारास, उपासमारीनं गेले. तीर्थयात्रा करत हिंडणारं हे कुटुंब. भीक मागणार नाही आणि कष्टाचं काम येत नाही अशा कोंडीत सापडलेलं. झाडपाला खाऊन काढलेल्या दिवसांविषयी रमाबाईंनी पुढे स्वतः लिहिलं आहे. ज्या बाईला वाँटेजला खाण्याचा ताठा दाखवल्याबद्दल बोल लावला जात होता, तिनं भूक इतक्या जवळून पाहिली होती. मद्रास इलाख्याचे 'मल्स' मिरी-पाण्यावरून एकमेकांची थट्टा करत होते ती आणि ही वर्षं फार लांबची नाहीत. कोशातल्या नोंदीत दुष्काळाची सावलीही पडत नाही. विनोदी कोशाकडून ती अपेक्षा करणं योग्य नाही असं कोणी म्हणेल. म्हणोत.

रमाबाईंच्या मागोमाग लगेच पुण्यात काय झालं ते मराठी वाचकाला ठाऊक आहे, थोडक्यात सांगते. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं ठेवली होती. हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आली. ती बाहेर काढण्याची करामत गोपाळराव जोशी यांची, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांची. रानडे आणि टिळक दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेनं जावं लागलं. वाँटेजला इंग्रजी खाणं नाकारलं म्हणून दोष, पुण्यात इंग्रजी पेय तोंडाला लावल्याचा संशय म्हणून दोष. बिस्कीट या शब्दाला त्या वेळी कोणी मराठी प्रतिशब्द शोधला नाही, आणि बरं झालं. शोधला असता तर बाटणं अवघड गेलं असतं. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा आपल्याकडे सांगतात, त्यातलाही पाव पोर्तुगीज शब्द घेऊनच राहिला. तोच पाव, आत पोर्तुगीजांबरोबर आलेला बटाटा आणि त्यांच्याबरोबरच आलेली मिरची घालून, आज महाराष्ट्राचं राष्ट्रीय खाद्य म्हणून मिरवतो.

वडापावचा विषय निघाला की मुंबईतला दुसरा पदार्थ येतोच. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली, आणि त्या सुरुवातीच्या वर्षांत दक्षिणेकडून आलेल्या माणसाविरुद्ध जी मोहीम चालली तिची घोषणा लुंगीवर होती. रोख उडुपी हॉटेलांवरही होता. तेव्हा सांबार हा परक्याचा पदार्थ होता. आता मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्या उघडा: सांबार आपलाच निघाला! गोष्ट अशी सांगतात की तंजावरच्या शहाजीराजांकडे संभाजीराजे पाहुणे आले, आमटीला कोकम नव्हतं, म्हणून स्थानिक चिंच घातली, आणि पाहुण्याच्या नावावरून त्याला सांबार म्हणू लागले.

तंजावरला संभाजीराजांना जेवू घातल्याचा समकालीन कागद ही गोष्ट सांगणाऱ्यांपैकी कोणी पुढे ठेवलेला मी पाहिलेला नाही. पण कागदाचा प्रश्न बाजूला ठेवूनही गोष्टीतली आमटी मला पटत नाही. भोसले घाटावरचे. घाटावरच्या आमटीला आंबटपणा मुळातच चिंचेचा, जोडीला गूळ. कोकम कोकणपट्टीचं. कोकम संपलं म्हणून अडून बसणारा हा मुदपाकखाना सतराव्या शतकातल्या तंजावरपेक्षा विसाव्या शतकातल्या गिरगावात जास्त शोभतो. शब्दाचं म्हणाल तर संस्कृत 'संभार' म्हणजे जमवलेलं साहित्य. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर; नागपूरची सांबारवडी चाखलेल्याला हे सांगायला नको. गुजरातीत संभारो म्हणजे कोबी-गाजराची परतलेली कोशिंबीर. केरळात संभारम म्हणजे मसाल्याचं ताक. एवढ्या जागी हा शब्द मसाल्याचा वास घेऊन हिंडत असताना त्याला एका राजपुत्राच्या नावाला बांधून ठेवायची गरज का पडावी?

गरज का पडते ते 'मल्स'नी शिकवलं आहे. टोपणनाव आणि आख्यायिका एकाच कारखान्यात तयार होतात. दोन्हीत पदार्थ खाणाऱ्यापासून तोडून एका समाजाच्या छातीवर लावला जातो, एकदा हिणवायला, एकदा मिरवायला. उडुपी हॉटेलावर दगड मारणारा आणि सांबार संभाजीराजांचा म्हणणारा यांचा आपसात वाद होणार नाही. दोघांनाही सांबाराच्या वाटीत पाहायचं आहे ते स्वतःचं तोंड.

इथे, सांबाराच्या मुलुखात, या गोष्टीत कोणाला फारसा रस नाही. मराठीची खरी खूण इथल्या स्वयंपाकघरात दुसरीकडे आहे, आणि तिच्यावर पुरवण्यांत लेख येत नाहीत. तमिळ घरांत 'डांगर पच्चडी' होते: उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. आपलं डांगरच. आणि 'पिट्लै' होते. नाव पिठल्याचं हे ऐकताच कळतं. पण पिट्लैत पीठ नसतं. तूरडाळ, चिंच, कारलं किंवा वांगं, आणि खोबरं, धणे, हरभऱ्याची डाळ भाजून केलेलं वाटण. आमच्या शेजारच्या तंजावरी मराठी मामींना मी पहिल्यांदा सांगितलं की आमच्याकडे पिठलं डाळीच्या पिठाचं करतात, तेव्हा त्यांना ते नवीन होतं असं नाही. त्या म्हणाल्या, "करू दे की. तुमच्याकडे कारली नसतील." त्यांच्या घरात मराठी बोलतात, ती मला कळते आणि माझी त्यांना; मधे पुष्कळदा तमिळचा टेकू लागतो. पिट्लै कोणाची, हा प्रश्न मी दोनदा विचारला. दुसऱ्या वेळी त्यांनी वाटी पुढे केली.

म्हणजे इथेही शब्द भाषांतर न होताच गेला. तरी त्यावरून कोणाला नाव पडलं नाही. कोणी कोणाला 'पिट्लै' म्हणत नाही. वर मी जो नियम मांडला तो इथे येऊन थांबतो, आणि का थांबतो हे मला महत्त्वाचं वाटतं. रोसबिफ हा शब्द बोट दाखवण्यासाठी उचलला होता. पिट्लै हा शब्द पदार्थ करण्यासाठी उचलला गेला. शब्द घेतला, त्यातलं पीठ काढलं, आपलं वाटण घातलं. तंजावरच्या मराठी दरबारात एका वेळी मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत चालत. शहाजीराजांनी तेलुगूत नाटकं लिहिली आणि मराठीतही, आणि त्यांचं 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठीतल्या आद्य नाटकांत धरतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं रघुनाथपंडितांचं 'भोजनकुतूहल' संस्कृतात आहे, पण पदार्थांची देशी नावं त्यात येतात, त्यांचे गुणदोष सांगितले जातात. कोणतं धान्य कोणाला बाधेल हा त्याचा प्रश्न. कोणाचं राष्ट्र कशात दिसेल हा नव्हे. सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. दुष्काळ होते, लढाया होत्या, पंगतीच्या रांगा जातीनं लागत. पापनाशमला नायकांच्या काळातलं धान्याचं कोठार अजून उभं आहे. तीन हजार कलम भात त्यात मावायचं म्हणतात. ते भात पिकवणारे कोण होते आणि कोठार कोणासाठी भरत होतं, हे विचारल्याशिवाय दरबाराच्या बहुभाषिकतेचे गोडवे गाऊ नयेत. (कलम हे तमिळ माप. मराठी वाचकाला लेखणी किंवा आंब्याचं झाड दिसेल. राहू दे.)

आता पानाखालच्या टिपांविषयी. मराठी पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर उघडा: शेवटी शब्दसूची असते, आणि तिच्यात भाकरी, पिठलं, पुरणपोळी हमखास. एकीकडे तिरकी अक्षरं, दुसरीकडे खुलासा. इंग्रजी कादंबरीचं मराठी भाषांतर उघडा: पुडिंग, पाय, पॉरिज, मार्मलेड बिनदिक्कत मजकुरात फिरतात. सूची नाही, टीप नाही. आपण मानून चालतो की मराठी वाचकाला पुडिंग ठाऊक आहे. ठाऊक काय असतं? कस्टर्डसारखं काहीतरी गोड, थरथरणारं. यॉर्कशर पुडिंग मांसाबरोबर खातात, ब्लॅक पुडिंग रक्ताचं असतं, हे त्या वाचकाला कोणी सांगितलेलं नसतं. ज्याचं खाणं सर्वांना माहीत असल्याचं धरलं जातं त्याला स्वभाव लागत नाही. तो नुसता माणूस असतो. सूची लागते ती बाकीच्यांना. इंग्रजांचं खाणं बेचव, उकडलेलं, ही आपली आवडती थट्टाही याच अज्ञानावर पोसलेली आहे. तिनं सूड उगवल्यासारखं वाटतं, पण टेबलाची मांडणी बदलत नाही.

मलिगटॉनीचं मी काय केलं ते सांगते. एका इंग्रजी कथेत मद्रासहून परतलेला म्हातारा अधिकारी लंडनच्या क्लबात ते मागवतो. 'मुलीगटॉनी' लिहिलं तर मराठी वाचकाला मुलींचा गट दिसतो. 'रसम' लिहिणं खोटं, कारण त्याच्या वाडग्यात कोंबडी आहे. 'मिऱ्याचं सार' लिहिलं तर तो म्हातारा एकदम माझ्या आजीच्या ओसरीवर येऊन बसतो. मी 'मलिगटॉनी' ठेवलं, आणि पुढच्या वाक्यात वेटर वाडगा ठेवतो तिथे त्यातली कोंबडी दिसू दिली. मूळ कथेत ती होतीच.

तमिळ कथेतल्या पिट्लैचा प्रश्न अधिक नाजूक होता. पिठलं लिहिलं असतं तर व्युत्पत्ती बरोबर आणि ताट चूक. संपादकांनी विचारलं, टीप देऊ या का? मी नको म्हटलं. कथेतली बाई कारली चिरते, मीठ लावून ठेवते, चिंच कोळते, खोबरं भाजते. दीड पान हे चालतं. पिट्लै म्हणजे काय ते वाचकाला तिच्या हाताकडे पाहून कळेल.